ती म्हातारी कुणाची बाही धरते?

(ठाण्यात बी.ए.च्या इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

सुरुवातीला मी हात वर करायला सांगितले. शाळा मराठी माध्यमात झालेल्यांचे हात निम्म्याहून जास्त निघाले. कळव्याहून, दिव्याहून, ऐरोलीहून रोज लोकलच्या गर्दीतून तुम्ही येता. माझीही शाळा मराठीच, इथलीच, ठाण्यातली. त्यामुळे व्हरांड्यात गाठून तुम्ही मला जे सांगता, तिथूनच सुरुवात करते. "मॅडम, रिसर्च पेपर लिहायचाय, पण माझं इंग्रजी कच्चं आहे."

तुमचं इंग्रजी सुधारेल. व्याकरणाच्या चुका कुणाला तरी दाखवून दुरुस्त करून घेता येतात. गाडी अडते ती त्याच्या आधी, वाचताना. आणि तिथे मातृभाषा इंग्रजी असूनही भागत नाही. केंब्रिजला आय. ए. रिचर्ड्स नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी विद्यार्थ्यांना कविता वाटल्या, पण कवींची नावं काढून टाकून, आणि काय वाटलं ते लिहून द्यायला सांगितलं. जे हाती आलं ते त्यांनी १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या पुस्तकात मांडलं. नामांकित विद्यापीठातले विद्यार्थी, तरी कवितेचा साधा सरळ अर्थसुद्धा अनेकांच्या हातून निसटला होता. मनात आधीपासून तयार असलेल्या भावना ते कवितेवर चिकटवत होते. तेव्हा ही अडचण फक्त आपली आहे असं समजून खाली मान घालू नका.

माझा पहिला पेपर मी टीवायला असताना लिहिला. बारा पानं होती. एक गाईड, वरच्या वर्गातल्या मुलींच्या झेरॉक्स नोट्स आणि ग्रंथालयातली दोन जाड पुस्तकं, एवढ्यावर तो उभा होता. आमच्या बाईंनी तिसऱ्या पानाच्या समासात पेन्सिलीने एकच ओळ लिहिली: "हे तुला कवितेत कुठे दिसलं?" मला दाखवता आलं नाही. कविता मी एकदा वाचली होती आणि कवितेवरचं लिखाण चार वेळा. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. कुणाचाही पेपर हातात घेतला की तोच प्रश्न मी आधी विचारते.

दहावीला तुम्ही सगळ्यांनी रसग्रहण लिहिलंय. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. मी त्याला नावं ठेवणार नाही, कवितेच्या ओळीपाशी थांबायची सवय तिथेच लागते. पण रसग्रहणात कविता सुंदर आहे हे आधीच ठरलेलं असतं. आपण ते सौंदर्य कुठे आहे ते दाखवत जातो. विश्लेषणात काहीच ठरलेलं नसतं. तुम्ही एक म्हणणं मांडता आणि शेजारी बसलेला तितकाच हुशार वाचक "मला नाही पटत" असं म्हणू शकतो. 'या कवितेत गरिबीचं चित्रण आहे' या वाक्याला कोण नाही म्हणेल? म्हणून त्यावर पेपर उभा राहत नाही.

आता प्रत्यक्ष कविताच घेऊ. अरुण कोलटकरांचा 'जेजुरी' हा इंग्रजी संग्रह १९७६ साली आला आणि १९७७ मध्ये त्याला कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ मिळालं. जेजुरी आपल्याला सांगावी लागत नाही. येळकोट, भंडारा, गडाच्या पायऱ्या हे सगळं तुमच्या डोळ्यांपुढे आहेच. संग्रहात 'ॲन ओल्ड वुमन' नावाची छोटी कविता आहे, तीन-तीन ओळींच्या कडव्यांची. एक म्हातारी बाही धरते आणि मागे लागते. तिला पन्नास पैसे हवेत. बदल्यात ती घोड्याच्या टापेच्या देवळाकडे नेईन म्हणते. ते तर बघून झालंय. ती सोडत नाही, लंगडत मागे येते, सदरा आणखी घट्ट धरते. शेवटी हे संपवायचंच म्हणून मागे वळावं, तर ती म्हणते, असल्या दरिद्री डोंगरांवर म्हातारीने दुसरं करायचं तरी काय? आणि मग तिच्या डोळ्यांच्या जागी असलेल्या बंदुकीच्या गोळ्यांच्या भोकांतून थेट आभाळ दिसतं. तिच्या डोळ्यांभोवतालच्या भेगा कातडीच्या बाहेर पसरतात, डोंगर तडकतात, देवळं तडकतात, आभाळ काचेसारखं खळकन कोसळतं. ती मात्र अभंग उभी राहते, एकटी. आणि समोरचा माणूस तिच्या हातातली चिल्लर होऊन जातो.

ही कविता मी वर्गात घेत होते, तेव्हा एक मुलगी ओळींच्या वर पेन्सिलीने मराठी लिहीत होती. तिने हात वर केला. "मॅडम, हे 'यू' आहे ना, ते मी 'तू' लिहू की 'तुम्ही'?" वर्ग हसला. मी हसले नाही, कारण तो तासातला सगळ्यात चांगला प्रश्न होता. कवितेत 'मी' कुठेच नाही, सगळीकडे 'यू' आहे. इंग्रजीतच वाचणारा त्याच्यावरून सहज पुढे सरकतो. मराठीत मात्र पाय अडखळतो, कारण आपल्याला ठरवावंच लागतं. कवी स्वतःला 'तू' म्हणतोय का? वाचकाला 'तुम्ही' म्हणून म्हातारीपुढे उभं करतोय का? की आपण 'माणसाला कंटाळा येतो' असं म्हणतो, तसं कुणालाही लागू पडेल असं बोलतोय? तिने तिन्ही करून पाहिलं. पहिल्या कडव्यांत तिसरा अर्थ सहज बसतो, म्हाताऱ्या बायका कशा असतात हे ठाऊकच आहे अशा सुराचा. शेवटच्या कडव्यात तो बसेना. चिल्लर होण्याची पाळी येते तेव्हा ते 'कुणीही' राहत नाही, कुणीतरी एकच माणूस उरतो. म्हणजे शब्द तोच राहिला, पण कवितेच्या ओघात त्याच्या आतला माणूस बदलला. आणि शेवटचे शब्द आहेत 'स्मॉल चेंज'. 'चेंज' म्हणजे सुटे पैसे आणि 'चेंज' म्हणजे बदलही. आपल्या 'चिल्लर'मध्ये बदलाचा अर्थ नाही, पण क्षुद्रपणाचा आहे. दोन भाषा शेजारी ठेवल्यावर दोन्ही बाजू उजेडात येतात.

मुलांनो, इथे पेपर सुरू झाला. एकही संदर्भग्रंथ उघडला नव्हता.

मग दुसरी पायरी: हे बाकीच्या संग्रहात कुठे दिसतं का? दिसतं. पहिलीच कविता 'द बस'. एसटीच्या खिडक्यांवर ताडपत्री बटणं लावून बंद केलेली. बाहेरचं काही दिसत नाही. समोरच्या म्हाताऱ्याच्या चष्म्याच्या दोन काचांत स्वतःचा दुभंगलेला चेहरा तेवढा दिसतो. इथेही 'यू'च आहे. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं तर आपलाच चेहरा, आणि पुढे म्हातारीच्या डोळ्यांत पाहिलं तर आपण नाहीच, आरपार आभाळ. या दोन जागा समोरासमोर ठेवा आणि बराच वेळ काही लिहू नका. नुसतं बघा. घाईने लिहिलेल्या पहिल्या परिच्छेदापेक्षा या बघण्यातून जास्त मिळतं, हे मी अनुभवाने सांगते.

आता 'रिसर्च' हा शब्द. तुमच्या प्रोजेक्टमध्ये शेवटी दहा पुस्तकांची यादी असते आणि त्यातल्या आठांचा मजकुराशी संबंध नसतो. हे मी रागाने म्हणत नाही. संदर्भ कशासाठी द्यायचा हे तुम्हाला कुणी नीट सांगितलेलंच नसतं. त्याचं उत्तर तुमच्या गावातल्या सप्ताहात आहे. वारकरी कीर्तनात बुवा एक अभंग निरूपणाला घेतात आणि एकेक चरण सोडवत जातात. म्हणणं मांडलं की लगेच प्रमाण देतात: माउली असं म्हणतात, नाथमहाराज असं म्हणतात. कुणाचं वचन आहे ते सांगितल्याशिवाय पुढे जात नाहीत. आणि प्रमाण आलं तरी निरूपण त्यांनाच करावं लागतं. नुसती प्रमाणं म्हणत तास काढला तर समोरचे उठून जातील. तुमच्या पेपरमधल्या अवतरणाचं काम हेच आहे. फरक एवढाच की बुवा सहसा दुजोऱ्यासाठी प्रमाण देतात, आणि तुम्हाला विरोधातलं म्हणणंही तितक्याच आदराने आणावं लागतं.

'जेजुरी'बाबत तसं म्हणणं तयारच आहे. भालचंद्र नेमाडे यांनी भारतीयांच्या इंग्रजी लेखनावर १९८५ साली एक कडक लेख लिहिला. त्यात त्यांचा आक्षेप असा की कोलटकर जेजुरीला सुट्टीपुरत्या आलेल्या पर्यटकासारखे जाऊन येतात, तिथल्या श्रद्धेशी त्यांचं नातं नाही. हा आक्षेप हलका नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी खंडोबा कुलदैवत आहे, त्यांना तो आतून पटू शकतो. पण आता त्या मुलीचा 'यू' पुन्हा समोर आणा. पर्यटक कवितेत आहेच. बाही त्याचीच धरलीय, घाई त्यालाच आहे, देऊळ 'बघून' झालंय ते त्याचंच. प्रश्न असा की कविता त्याच्या बाजूने आहे का? म्हातारी अभंग राहते आणि तो चिल्लर होतो, तर मग नेमाडे ज्याला कवीचा दोष म्हणतात तोच कवितेचा विषय असू शकतो. हे तुमचं विधान. याला नाही म्हणता येतं. कुणी म्हणेल, हा सगळा पश्चात्तापसुद्धा पर्यटकाच्याच डोक्यात घडतो, म्हातारीला त्यातून काय मिळालं? त्याचं उत्तर द्यायला तुम्हाला परत कवितेकडे जावं लागेल. मला स्वतःला हा शेवटचा आक्षेप फार बोचतो आणि माझं उत्तर अजून पक्कं झालेलं नाही.

मराठी वाचता येतं याचा इथे आणखी एक फायदा. खंडोबावर लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेरे यांनी केलेलं काम मराठीत आहे. परदेशातला अभ्यासक त्यासाठी भाषा शिकतो. तुम्हाला फक्त ग्रंथालयात जायचंय. आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. तिथले टेबल-खुर्च्या तुमच्यासाठीच आहेत. प्रबंध पाहायचे तर शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर ते घरबसल्या मिळतात, पण त्यातला पहिला प्रबंध उघडून त्याचीच संदर्भसूची उतरवून घेऊ नका.

संदर्भ लिहिण्याच्या पद्धतीवर मी वेळ घालवणार नाही. एमएलएच्या (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या) हँडबुकची नववी आवृत्ती २०२१ची आहे. ती शेजारी ठेवा आणि बघून लिहा, पाठ करू नका. उचलेगिरीबद्दल मात्र बोलायला हवं. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८चे नियम आहेत. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर शिक्षा नाही, ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. मुलं मला विचारतात, "मॅडम, माझं ९ टक्के आलंय, चालेल ना?" नियमाला चालेल. पण त्या ९ टक्क्यांत तुमचं मुख्य म्हणणंच दुसऱ्याचं असेल तर? आणि मशीनकडून लिहून घेतलेल्या पेपरात साम्य शून्यसुद्धा येईल. समासातल्या त्या पेन्सिलीच्या ओळीला मात्र तो पेपर उत्तर देऊ शकत नाही, कारण 'तू की तुम्ही' इथे अडखळलेलं कुणी त्यात नसतं.

तुमच्यातले काही जण पदवीच्या चौथ्या वर्षाचा विचार करतायत. यूजीसीच्या नव्या चौकटीत पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण असतील तर संशोधनासह ऑनर्स करता येतं. ज्यांना करायचंय त्यांनी विषय शोधत वर्षभर फिरू नये. 'स्त्रीवाद आणि अमुक लेखिका' असे विषय मोठे दिसतात आणि हातात काहीच देत नाहीत. एका कवितेतलं एक सर्वनाम घ्या. ते तुम्हाला संग्रहापर्यंत नेईल, संग्रह वादापर्यंत, वाद खंडोबापर्यंत. उलट्या दिशेने येणारे वाटेत थकतात, हे मी फार वेळा पाहिलंय आणि दरवेळी वाईट वाटलंय.

लिहिताना पहिला खर्डा मराठी-इंग्रजी मिसळून झाला तर होऊ द्या. समासातली टिपणं मराठीतच ठेवा. त्या मुलीने ओळींच्या वरचं मराठी खोडून टाकलं असतं तर तिचा प्रश्नही पुसला गेला असता. तिचा पेपर पुढे सहा पानांचा झाला. इंग्रजीच्या चुका होत्या, आम्ही दोघींनी दोन दुपारी बसून त्या काढल्या.

दाराजवळच्या बाकावर कवितेच्या प्रती ठेवल्यात. जाताना एकेक घ्या. पुढच्या शनिवारी येताना समासात एकच प्रश्न लिहून आणा, ज्याचं उत्तर तुम्हाला खरोखर माहीत नाही असा. उत्तर आणू नका. पन्नास पैशांच्या नाण्यावर कुणी प्रश्न आणला तर मला विशेष आनंद होईल. मी त्या नाण्यापाशी बरेच दिवस अडून बसलेय.