डेल्सचे पाच गळे आणि बाजूला पडलेला ‘फ्रीडम मीन्स’

मंडळी, आजचा विषय आहे द डेल्स या अमेरिकन गायकगटाचा 1971चा ‘फ्रीडम मीन्स’ हा अल्बम. सोल म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं भावगर्भ गाणं. त्याच्या गप्पा डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीवर सुरू होतात आणि फिलाडेल्फियावर संपतात. शिकागो मधल्या मध्ये राहून जातं. द डेल्स तिथले, म्हणजे शहराला लागून असलेल्या हार्वीचे. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला शाळेत जमलेली ही मुलं. 1960मध्ये फ्लेमिंगोज या दुसऱ्या गायकगटातून आलेला जॉनी कार्टर त्यांना मिळाला. त्यानंतर 2009मध्ये तो जाईपर्यंत पाचांतला एकही बदलला नाही. एवढ्या काळात आपल्याकडे एका भजनी मंडळाची तीन मंडळं होतात!

आधी आवाजांची मांडणी बघा. तळाला चक बार्क्सडेलचा खर्ज, मधे मिकी मॅकगिल आणि व्हर्न ॲलिसन, सगळ्यांच्या वर कार्टरचा फॉल्सेटो, म्हणजे पुरुषाने काढलेला पातळ, उंच आवाज. आणि पुढे मार्विन ज्युनिअर, छातीतून येणारा खरखरीत बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीचा पुरुषी आवाज. असं पाच गळ्यांचं गाणं बिघडतं कुठे? बऱ्याचदा उच्चारात. एकाचा ‘आ’ उघडा, दुसऱ्याचा मिटलेला. दोघंही सुरात असले तरी कानाला बेसूरच लागतं. शब्दाच्या शेवटचा ‘स’ पाच जणांनी मागेपुढे सोडला की माइकमध्ये नुसती फुसफुस. म्हणून तो एकाने म्हणायचा, बाकीच्यांनी गिळायचा. लांब सुरात सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर मधे खड्डा पडतो, म्हणून तो आळीपाळीने चोरायचा.

हे सगळं मुरलेलं ऐकायचं तर ‘स्टे इन माय कॉर्नर’. याबद्दल थोडं सविस्तर बोलू द्या. 1965मध्ये त्यांनी हे गाणं व्ही-जे कंपनीसाठी गायलं होतं. पुढे ती कंपनी बुडाली. 1968मध्ये कॅडेट या शिकागोच्या कंपनीसाठी तेच गाणं पुन्हा केलं, निर्माता बॉबी मिलर, संगीत संयोजन चार्ल्स स्टेपनीचं. लांबी सहा मिनिटांच्या वर! तेव्हा रेडिओवर सहसा तीन मिनिटांच्या आसपासची गाणी वाजायची. तरीही ते रिदम अँड ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत पहिलं आलं. ज्युनिअर एक सूर धरतो आणि सोडतच नाही. मागचे चौघे आवाज चढवून त्याला झाकत नाहीत, वाट देतात. ही वाट देणं म्हणजेच डेल्स. आणि माझी तक्रारही इथेच आहे. बहुतेक संकलनं हे गाणं आणि ‘ओह, व्हॉट अ नाइट’ घेतात आणि तिथेच थांबतात.

वेळ संपल्याची खूण झाली आहे, म्हणून मूळ मुद्दा आता भराभर.

‘फ्रीडम मीन्स’ची निर्मिती स्टेपनीची. इथे वाद्यवृंद मागचा पडदा राहत नाही, गायकांशी बोलतो. ‘द लव्ह वी हॅड’ हे गाणं टेरी कॅलियर आणि लॅरी वेड यांनी लिहिलेलं. ते चाललं आणि त्यातूनच कॅलियरला कॅडेटवर स्वतःचे अल्बम करता आले. एका गाण्याने एवढं केलं, तरी अल्बम मागे पडला. मला त्याचं कारण कंपनीत दिसतं. कॅडेट ही चेस या रेकॉर्ड कंपनीची शाखा. 1969मध्ये चेस विकली गेली, त्याच वर्षी तिचे एक संस्थापक लिओनार्ड चेस वारले, आणि 1970च्या दशकाच्या मध्यापर्यंत सगळा डोलारा मोडला. मोटाउनसारखं आपला माल पुढची पन्नास वर्षं लोकांसमोर ठेवणारं घर डेल्सच्या पाठीशी उरलं नाही.

घरी ऐकताना मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका. खर्जातला माणसाचा आवाज शंभर हर्ट्झच्याही खाली उतरतो. तो छोटा स्पीकर तेवढं उचलत नाही आणि बार्क्सडेल गायबच होतो. हेडफोन लावा. पहिल्यांदा फक्त बार्क्सडेलच्या मागे जा, दुसऱ्यांदा फक्त कार्टरच्या. तिसऱ्यांदा ज्युनिअरला मोकळं सोडा आणि मधले दोघं, मॅकगिल आणि ॲलिसन, शोधा. ते सापडायला सगळ्यात अवघड.