बाहीवरचा बिल्ला आणि खिळ्याला टांगलेली दोरी

श्रोतेहो, नमस्कार.

मुलाला किंवा मुलीला स्काउट-गाईडचा राज्य पुरस्कार मिळाला, की संध्याकाळपर्यंत फोटो सगळ्या भाऊबंदांच्या मोबाइलवर पोचलेला असतो. बेळगाव शहर असो, येळ्ळूर असो, खानापूर किंवा निपाणी असो, हे सगळीकडे सारखंच. पोचायलाच हवा! लेकराचं कौतुक आईबापांनी करायचं नाही तर कुणी? पण कौतुक नेमकं कशाचं करायचं हे घरच्यांना ठाऊक असेल, तर मुलालाही त्याची किंमत वेगळी वाटते. म्हणून आज त्या बिल्ल्यामागच्या कामाबद्दल बोलू.

आधी वाट समजून घ्या. वयाच्या दहाव्या वर्षानंतर मूल स्काउट किंवा गाईड होतं. पहिल्यांदा प्रवेश, मग प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार. दोन टप्प्यांच्या मध्ये ठरावीक महिने पथकात काम केलेलं असावंच लागतं. मूल कितीही हुशार असलं तरी त्यात सूट नाही. पाचवी-सहावीत सुरुवात केलेलं मूल दहावीच्या आधी वरपर्यंत पोचतं. नववीत नाव घालून ‘राष्ट्रपती’ची चौकशी करणाऱ्या पालकांना शिक्षकांनी स्पष्ट नाही सांगावं, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

आता दोरी. गणवेशाबरोबर साधारण तीन मीटरची दोरी लागते. बाजारात गुळगुळीत नायलॉनची स्वस्त मिळते, ती घेऊ नका. तिच्यावर गाठ बसत नाही, सरकते. सुती दोरी घ्या, करंगळीएवढी जाड. आणल्या आणल्या तिची टोकं उसवू लागतात, म्हणून पहिलं काम व्हिपिंगचं, म्हणजे टोक बारीक दोऱ्याने गच्च गुंडाळायचं. दोऱ्याचा एक फास दोरीवर आडवा ठेवायचा, त्यावरून टोकाच्या दिशेने आठ-दहा वेढे एकाला एक चिकटून घ्यायचे, उरलेलं टोक फासातून ओवायचं आणि दुसरं टोक ओढायचं. फास वेढ्यांखाली निम्म्यापर्यंत गेला की थांबायचं. पूर्ण ओढला तर सगळंच सुटून हातात येतं, आणि मुलांचं नेमकं इथेच चुकतं. मेणबत्तीवर टोक वितळवणं नायलॉनला चालतं. सुतीला ते केलं तर ती नुसती जळते.

रीफ नॉट, म्हणजे दोन टोकं जोडायची साधी गाठ, सगळ्यांना येते असं सगळ्यांना वाटतं. डावं उजव्यावर, मग उजवं डाव्यावर. दुसऱ्या वेळीही डावंच वर घेतलं तर ग्रॅनी नॉट होते. ती एकतर सरकते, नाहीतर इतकी आवळून बसते की सोडताना नखं तुटतात. ओळखायचं कसं? खऱ्या रीफ नॉटमध्ये दोन्ही टोकं मूळ दोरीला लागून समांतर पडतात. ग्रॅनीत ती आडवी बाहेर येतात. हात झोळीत घेताना त्रिकोणी पट्टीला हीच गाठ लागते. ती सपाट असते, म्हणून गळ्याच्या हाडाजवळ टोचत नाही. मात्र जाड दोरीला बारीक दोरी जोडायची असेल तर रीफ नको, तिथे शीट बेंड. आणि माणूस वर ओढायचा असेल तर बोलाइन, कारण तिचा फास ताण आला तरी आवळत नाही.

लॅशिंगमध्ये, म्हणजे काठ्या दोरीने एकमेकींना बांधण्यात, खरा कस लागतो. दोन काठ्या काटकोनात बांधायच्या. उभ्या काठीवर, आडवीच्या खाली, क्लोव्ह हिच या गाठीने सुरुवात. मग दोन्ही काठ्यांभोवती तीन वेढे, प्रत्येक वेढा ओढून. त्यानंतर काठ्यांच्या मधून दोन-तीन फेरे, याला फ्रॅपिंग म्हणतात, आणि शेवटी परत क्लोव्ह हिच. घाईत मुलं फ्रॅपिंग सोडतात. बांधणी दिसायला सुंदर दिसते आणि तासाभरात डुलायला लागते. आपल्याकडे वेळू भरपूर, पण ताज्या हिरव्या वेळूवर केलेली बांधणी वेळू वाळला की ढिली पडते. काथ्याचा सुंभ वापरायचा तर वेढे मोजून न थांबता दोन जास्तीचे घ्यावेत. मग अंगणात त्या बांधणीवर पाण्याने भरलेली बादली टांगून बघा. उद्या सकाळीही बादली तिथेच असली तर कौतुक करा, अगदी मोकळ्या मनाने.

विस्तवाची परीक्षा मला सगळ्यात आवडते. उघड्यावर, दोन काड्यांत चूल पेटवायची. तिसरी काडी नाही, रॉकेल नाही. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात हे करणारं मूल कुठेही उपाशी राहणार नाही. जमिनीवर पडलेलं लाकूड ओल धरतं. झाडावरच वाळलेल्या, हाताने मोडताना कटकन आवाज येणाऱ्या फांद्या घ्याव्यात. काडीपेटीतल्या काडीएवढ्या बारीक, मग पेन्सिलीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या, असे तीन ढीग आधी करायचे आणि मगच काडी ओढायची. कोरड्या वेळूच्या चिपा उत्तम. थेट जाड लाकूड रचलं, किंवा खाली हवेला जागा ठेवली नाही, तर नुसता धूर होतो आणि दोन्ही काड्या वाया.

भाषेची काळजी पुष्कळ पालक बोलून दाखवतात. शिबिरात परीक्षक कन्नडमध्ये विचारतील, आमचं मूल मराठी शाळेतलं, मग कसं? प्रात्यक्षिक हातानेच करायचं असतं, त्यामुळे निम्मी भीती उगाच. उरलेल्या निम्मीसाठी दहा-वीस कन्नड शब्द पाठ करून घ्या. गाठ म्हणजे ‘गंटु’, दोरी म्हणजे ‘हग्ग’. या दुसऱ्या शब्दाला मराठी पोरं खो-खो हसतात, म्हणून तो आधी घरीच हसून संपवलेला बरा.

कागदपत्रांत मात्र पालकांनी जरूर लक्ष घालावं. लॉगबुकातली, म्हणजे मुलाच्या कामाच्या वहीतली, प्रत्येक नोंद, तिच्यापुढची तारीख आणि शिक्षकांची सही तपासा. एका सोपानाच्या प्रमाणपत्राची तारीख आधीच्या सोपानाला फार जवळ असेल तर अर्ज अडकतो. नावाचा घोळ तर सीमाभागात हमखास होतो. आपण आडनाव शेवटी लिहितो, कुठे वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर येतं, कुठे मराठी उच्चार इंग्रजीत वेगळ्या स्पेलिंगने. शाळेच्या दाखल्यात, आधारमध्ये आणि स्काउटच्या नोंदणीत नाव अक्षरन् अक्षर सारखं करून घ्या, तेही प्रथम सोपानालाच. पुढे व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या सीईटीत स्काउट-गाईड प्रवर्गातून अर्ज करायची वेळ आली, की हीच अक्षरं आडवी येतात.

पण लॉगबुक स्वतः लिहून देऊ नका. वळणदार अक्षरात, रंगीत पेनांनी सजवलेली वही परीक्षक उघडतो आणि पहिलाच प्रश्न त्यातला विचारतो. मूल गप्प! मोडक्या अक्षरातली, चिखलाचा डाग पडलेली वही बरी, कारण त्या डागाची हकीकत मुलाला सांगता येते.

बिल्ल्यांचं सांगायचं तर सोपानाचा बिल्ला डाव्या बाहीवर, प्रावीण्य बिल्ले, म्हणजे एकेका कौशल्याचे, उजव्या बाहीवर. पुढचा सोपान मिळाला की जुना काढून नवा लावायचा असतो. त्यामुळे शिंप्याकडे मशीनने घट्ट शिवून घेऊ नका, उसवताना सदऱ्याला भोकं पडतात. साधा धावदोरा पुरे, आणि तो मुलालाच घालू द्या. बिल्ला थोडा तिरका बसला तर बसू दे. काढलेले बिल्ले टाकू नका, एका डबीत तारखेसह ठेवा.

आणि ती तीन मीटरची दोरी कपाटात बंद करून ठेवायची नाही. स्वयंपाकघराच्या दाराजवळ एका खिळ्याला टांगा. जेवण वाढेपर्यंत पाच मिनिटं असतात, तेवढ्यात एक बोलाइन होते. मुलाला आधी डोळे उघडे ठेवून बांधू द्या, आठवड्याने डोळे मिटून. मग तुम्हीही एकदा बांधून बघा. तुमची सुटली तर कुठे चुकलं ते त्यालाच विचारा.

नमस्कार.