सुई झाली, भाकरी कुठंय?

सकाळचे 7. सोलापूरचा पूर्व भाग. माग सुरू झालेत, त्यामुळे या घरात हळू कुणी बोलत नाही.

आजींना मधुमेह आहे. त्यांची इन्सुलिनची बाटली गार राहावी म्हणून माठात आहे. मोठ्या माठात ओली वाळू, वाळूत लहान मडकं, मडक्यात घट्ट झाकणाची डबी, डबीत बाटली. वर ओलं फडकं. पाणी उडत जातं तसं मडकं गार होतं. आपला उन्हाळा कोरडा, म्हणून हे इथं छान जमतं. माठ मात्र वाऱ्यावर हवा. कपाटात कोंडला की संपलं. वापरायला काढलेली बाटली साधारण 28 दिवस चालते. उघडल्याची तारीख नातवानं चिकटपट्टीवर लिहून ठेवलीय.

आता सुनेचे हात पाहा. इन्सुलिन दुधाळ आहे. बाटली जोरात हलवायची नाही, तळव्यांत वीसेकदा घोळवायची. नाहीतर साका तळाशीच राहतो. बाटलीवर 40 लिहिलंय, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट, म्हणून सिरिंज लाल टोपणाची. केशरी टोपणाची 100 च्या इन्सुलिनसाठी असते. चुकून ती आली आणि 20 च्या रेघेपर्यंत भरली, तर अंगात जातात फक्त 8 युनिट. आजींना या रेघा दिसत नाहीत. टोचायची जागा रोज बोटभर सरकवायची. तिथंच तिथं टोचलं की गाठ धरते आणि इन्सुलिन नीट भिनत नाही.

सुई झाली. या इन्सुलिनला अर्ध्या तासात ताट लागतं. तेवढ्यात नळाला पाणी! ते काही रोज येत नाही. सगळं घर हंड्यांकडे, तवा तसाच. उपाशीपोटी रक्तातली साखर घसरते: घाम, थरथर, चिडचिड. 70 च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यातून, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. म्हणून या घरात ठरलंय, पाण्याच्या दिवशी एकीनं तव्यापाशीच थांबायचं.

ज्वारीच्या दोन भाकरी, पालेभाजी, थोडी शेंगाचटणी. सगळ्या घराला हेच. ‘ज्वारी चालते’ म्हणत तिसरी-चौथी घेतली, तर साखर चढतेच.

साखर वर्षानुवर्षं चढती राहिली, तर पाय, डोळे, मूत्रपिंडं न दुखता खराब होत जातात. ‘गोड खाऊ नका’ सांगायला तर शेजारीही येतात.

संध्याकाळ. नातू शाळेतून आला. दप्तर खाली, तांब्या हातात. वाळू सुकलीय.