सरकारी नकाशा डोळ्यांशिवाय वाचता येतो का?

नमस्कार. आज बोलायचंय सरकारी संकेतस्थळांवरच्या नकाशांबद्दल. गटाचा नकाशा, मतदान केंद्राचा, पूररेषेचा, शहराच्या विकास आराखड्याचा. बरीचशी सरकारी माहिती आता नकाशावर आली आहे आणि ते चांगलंच झालं. पण ज्याला तो नकाशा दिसतच नाही, जिचा हात माउसवर स्थिर राहत नाही, ज्याला लाल आणि हिरवा जवळपास सारखेच दिसतात, त्यांच्यापर्यंत ती पोचते का? २०११च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त. यांच्याही नावावर जमिनी आहेत, यांनाही मतदान केंद्र शोधायचं असतं, यांच्याही घरात पुराचं पाणी शिरतं.

पडद्यावर जे जे दाखवणार आहे ते मी बोलूनही सांगणार आहे. या विषयावरचा व्हिडिओ नुसता बघण्यासारखा करून चालणार नाही.

[पडद्यावर: चाचणीसाठी बनवलेलं पान. डावीकडे जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांकाच्या पेट्या, उजवीकडे मोठा नकाशा.]

हे पान कुठल्या खात्याचं नाही, चाचणीसाठी बनवलेलं आहे. पण मांडणी तुमच्या ओळखीची असेल. डावीकडे जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, गट नंबर टाकायचा आणि उजवीकडे नकाशात तो गट रंगून येतो. आता मी एनव्हीडीए सुरू करते. हा विंडोजवरचा मोफत स्क्रीन रीडर, अनेक अंध व्यक्ती रोज वापरतात. माउस बाजूला ठेवला, पडदा बंद केला. ऐका.

"जिल्हा, कॉम्बो बॉक्स." ठीक. "तालुका, कॉम्बो बॉक्स." ठीक. गाव निवडलं. गट क्रमांक टाकला, ११२. शोधा, बटण. एंटर.

[पाच सेकंद शांतता. कापू नये.]

काहीच नाही. पडदा चालू केला तर दिसतंय की नकाशा सरकला, गट पिवळा झाला, शेजारी छोट्या खिडकीत क्षेत्रही आलं. म्हणजे काम झालंय, पण ज्याने गट शोधला त्यालाच ते कळलं नाही. टॅब दाबत पुढे जाऊ. "झूम इन, बटण." "झूम आउट, बटण." आणि तिथून थेट पानाच्या तळाशी, "अस्वीकरण, लिंक". मधला अख्खा नकाशा गायब.

असं का होतं? बरेचसे आधुनिक नकाशे ब्राउझरमध्ये कॅनव्हासवर रंगवले जातात. आपल्याला त्यात बांध दिसतात, रस्ते दिसतात, गट नंबर दिसतात. ब्राउझरच्या लेखी मात्र तो रंगीत ठिपक्यांचा एक चौकोन आहे. स्क्रीन रीडर पानातले शब्द आणि रचना वाचतो. या चौकोनात दोन्ही नाहीत, मग तो वाचणार काय?

इथे विकसकांचा पहिला विचार असतो, "नकाशाला पर्यायी मजकूर देऊ", म्हणजे चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचून दाखवेल ती ओळ. आणि मग लिहिलं जातं, "गावाचा नकाशा". नियमाच्या खान्यात टिकमार्क झाला, शेतकऱ्याला काय मिळालं? तो आलाय आपला गट कुठे आहे, किती आहे, शेजारी कोण आहे आणि रस्ता कोणत्या बाजूला आहे हे विचारायला. मला या सगळ्या विषयात एवढंच सांगायचंय: नकाशा उघडणाऱ्या माणसाचा प्रश्न ओळखा आणि त्याचं उत्तर नकाशाशेजारी मजकुरात द्या.

आणि हे कसं लिहायचं ते आपल्याला नव्याने शिकायची गरज नाही. घरातलं जुनं खरेदीखत काढून बघा. त्यात चतुःसीमा असते. पूर्वेस अमक्याचा गट, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गावरस्ता, उत्तरेस तमक्याची जमीन. सोबत नकाशा नसला तरी जमीन कुठली ते गावातल्या माणसाला कळतं.

[पडद्यावर: तेच पान, बदल करून. नकाशाखाली मजकुराची चौकट.]

आता तेच पान, बदल करून. गट ११२, शोधा, एंटर.

"गट क्रमांक ११२ सापडला. क्षेत्र १ हेक्टर २० आर. पूर्वेस गट ११३. दक्षिणेस गावरस्ता. पश्चिमेस गट १०९ आणि ११०. उत्तरेस ओढा."

यासाठी कुणी बसून गावोगावची वर्णनं लिहिलेली नाहीत. गटांच्या सीमा डेटाबेसमध्ये आधीपासून असतात, त्याशिवाय नकाशा उमटलाच नसता. दोन आकृत्या एकमेकींना चिकटून आहेत का, हे तपासायचं तयार फंक्शन पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेससाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, एसटी टचेस नावाचं. हे करणाऱ्यांसाठी एक सूचना: जुन्या कागदी नकाशांवरून सीमा काढताना दोन गटांमध्ये केसाएवढ्या फटी राहतात, मग खरे शेजारीसुद्धा "चिकटलेले नाहीत" असं उत्तर येतं. थोडं अंतर माफ करून शोधा. आणि नुसत्या कोपऱ्याला टेकणारा गट शेजारी म्हणून सांगू नका. हे वर्णन मोजणीच्या जागी वापरायचं नाही हे उघड आहे, पण तसा तर पडद्यावरचा नकाशाही वापरता येत नाही.

दुसरी गोष्ट, हे उत्तर आल्याचं स्क्रीन रीडरला आपोआप कळलं. त्यासाठी चौकटीला "एरिया लाइव्ह" (aria-live) नावाचा गुणधर्म दिला आहे. मजकूर बदलला की तो वाचून दाखवला जातो. गावांच्या शोधपेटीतही तेच हवं: "चार गावं सापडली." आणि प्रत्येक नावासोबत तालुका-जिल्हा हवाच. पिंपळगाव नाशिक जिल्ह्यातही आहे आणि जळगाव जिल्ह्यातही. नकाशा बघणारा माणूस ठिपका कुठे पडला त्यावरून ओळखेल, ऐकणारा कशावरून ओळखणार? शिवाय पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवा. नाहीतर स्क्रीन रीडरला मराठी उच्चार येत असूनही तो भलत्याच आवाजात वाचत बसतो.

आता हाताचा प्रश्न. नकाशा ओढायचा, दोन बोटांनी चिमटायचा, हे सेरेब्रल पाल्सी असलेल्या किंवा एका बोटाने फोन वापरणाऱ्या माणसाला किती अवघड आहे ते जरा स्वतः करून बघा. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या, म्हणजे डब्ल्यूसीएजीच्या, २.२ या आवृत्तीत ऑक्टोबर २०२३मध्ये एक निकष आला: जे ओढून करता येतं ते ओढल्याशिवायही करता आलं पाहिजे. म्हणजे नकाशाच्या कडेला चार बाणांची बटणं द्या. कीबोर्डचं तर याहून सोपं आहे. पानावर नकाशा दाखवण्यासाठी ओपनलेयर्स ही तयार कोडची लायब्ररी वापरत असाल तर नकाशाच्या चौकटीला "टॅबइंडेक्स शून्य" एवढा एक गुणधर्म दिला की कीबोर्डचा फोकस नकाशावर येतो आणि बाणांच्या कळांनी तो सरकतो. लीफलेट या तशाच दुसऱ्या लायब्ररीत ही सोय मुळातच आहे. फक्त नकाशावर तीनशे खुणा असतील तर माणसाला तीनशे वेळा टॅब दाबायला लावू नका. आधी "नकाशा ओलांडून यादीकडे जा" अशी लिंक ठेवा.

रंगांचं उदाहरण तर रोजचं आहे. हवामान खात्याचे इशारे हिरव्या, पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगात येतात. नकाशात जिल्हा नुसताच रंगवला तर लाल-हिरवा रंगदोष असलेल्या माणसाला "काळजी नको" आणि "तातडीने हालचाल करा" यातला फरक चुकू शकतो. या रंगदोषाचं प्रमाण पुरुषांमध्ये बरंच जास्त असतं. उपाय साधा आहे: रंगासोबत तिरप्या रेषांची किंवा ठिपक्यांची नक्षी द्या, जिल्ह्यावर "लाल" असा शब्द लिहा आणि खाली जिल्हावार यादी द्या. ही यादी घाईत असलेल्या पत्रकारालाही लागते आणि ज्याच्या फोनवर नकाशा उघडतच नाही त्यालाही.

कर्णबधिर व्यक्तींना नकाशाची अडचण नाही असं आपण धरून चालतो. मग पानावर मदतीसाठी फक्त फोन नंबर का? ईमेल आणि लेखी संवादाचा रस्ताही द्या.

कायदा थोडक्यात सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६चा. त्याच्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमातली माहिती सुलभ स्वरूपात देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. सरकारी संकेतस्थळांच्या मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी आवृत्ती डब्ल्यूसीएजी २.१च्या एए, म्हणजे तीनपैकी मधल्या, पातळीवर बेतलेली आहे. "तत्त्वंच आहेत, सक्ती कुठे आहे?" असं म्हणायची सोय आता उरलेली नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सुलभतेचे निकष नुसते शिफारशीपुरते ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला बंधनकारक निकष करायला सांगितलं. याच न्यायालयाने ३० एप्रिल २०२५च्या दुसऱ्या एका निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

"नकाशांना सूट असते" असंही कानावर येईल. युरोपीय संघाच्या २०१६च्या निर्देशात ऑनलाइन नकाशे खरोखर वगळले आहेत. पण नकाशा रस्ता दाखवण्यासाठी असेल तर त्यातली आवश्यक माहिती सुलभ डिजिटल स्वरूपात द्यावीच लागते, हेही तिथेच लिहिलंय.

आणि पानाच्या कोपऱ्यातलं ते व्हीलचेअरचं चिन्ह? अक्षर मोठं करा, रंग उलटे करा, हे देणारं? असू द्या, काहींना उपयोग होतो. पण त्याने कॅनव्हासमधला गट नंबर वाचता येत नाही. ते बसवून काम संपलं असं सांगणाऱ्या कंत्राटदाराकडून माउस न वापरता एक गट शोधून घ्या.

सरकारी कार्यालयात निविदा लिहिणारं कुणी हे ऐकत असेल तर एक विनंती. "संकेतस्थळ सुलभ असावे" या ओळीवर थांबू नका. असं लिहा: नकाशातून मिळणारं प्रत्येक उत्तर मजकुरातही मिळेल, सगळी कामं नुसत्या कीबोर्डने होतील आणि शेवटचा हप्ता देण्याआधी अंध, अल्पदृष्टी आणि हाताची हालचाल मर्यादित असलेल्या वापरकर्त्यांकडून, त्यांना मानधन देऊन, चाचणी होईल. आपोआप तपासणारी साधनं जरूर वापरा, पण "गावाचा नकाशा" एवढा पर्यायी मजकूर त्यांना सहसा पुरतो.

आणि तुम्ही स्वतः दिव्यांग असाल आणि असं पान अडवत असेल, तर आधी त्या खात्याला लिहा आणि दाद लागली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जा. याच अधिनियमाच्या कलम ८० खाली त्यांना चौकशीचा अधिकार आहे. तक्रारीत "नकाशा वाचता येत नाही" एवढंच लिहू नका, त्यावर "नकाशा बघण्यासाठीच असतो" असं उत्तर येतं. पानाचा पत्ता, तारीख, कुठला फोन किंवा स्क्रीन रीडर वापरला आणि काय मिळालं नाही ते लिहा: "गट क्रमांक टाकून शोधा दाबल्यावर क्षेत्र आणि शेजारचे गट मजकुरात मिळत नाहीत." अर्जाचा नमुना व्हिडिओखाली दिलाय, साध्या मजकुरात, म्हणजे स्क्रीन रीडरवर नीट वाचता येईल.