भोगीची भाजी कुठून कुठून येते

[दृश्य : पुणे, गुलटेकडीचं मार्केट यार्ड. अजून उजाडलेलं नाही. ट्रकमधून गोण्या उतरताहेत.]

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. आणि भोगीच्या आदल्या पहाटे मार्केट यार्डात पाय ठेवायला जागा नसते. मटार, गाजर, पावटा, वांगी, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, बोरं, उसाच्या मोळ्या. यातलं बहुतेक सगळं उद्या एकाच कढईत पडणार. कुणाकडे तिला भोगीची भाजी म्हणतात, कुणाकडे खेंगाट, कुणाकडे लेकुरवाळी. वर तिळाचं कूट, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. ‘न खाई भोगी, तो सदा रोगी’ म्हणणाऱ्यांचा हिशेब सोपा होता. पौषात रानात जे जे ओलं आहे, ते ते घ्या आणि शिजवा.

आता रान कुणाचं, हे मात्र गोणीगणिक बदलतं.

[दृश्य : गोणीचं तोंड सोडून मटार ओततात.]

हा मटार मध्य प्रदेशातला. जबलपूरचा पट्टा त्यासाठी नावाजलेला. पुण्याच्या शेजारचा, पुरंदरचा वाटाणा पावसाळ्यातच येऊन जातो. थंडीतला हा पाहुणा हजारेक किलोमीटरवरून येतो. शेंग खुडली की दाण्यातल्या साखरेचं पिष्ट व्हायला लागतं, आणि उष्णतेत ते फार भराभर होतं. त्यामुळे इतक्या लांबून आलेला मटार गोड लागतो, त्याचं निम्मं श्रेय रात्रीच्या गारव्याला. जाणते किरकोळ विक्रेते गोणीच्या पोटात हात घालून बघतात. आतून गरम लागली, तर ती गोणी दुसऱ्या कुणाला तरी मिळते!

गाजरंही बरीचशी राजस्थान आणि मध्य प्रदेशातून येतात. लांब, लालबुंद. टोमॅटोला लाल करणारं लायकोपीनच यांनाही रंगवतं. हलव्याला हीच हवीत, नारिंगी नकोत, याबद्दल आमच्या टीममध्ये दुमत नाही.

[दृश्य : कुंपणावर चढलेला पावट्याचा वेल. जांभळी-पांढरी फुलं.]

पावट्याची गोष्ट वेगळी. गावठी पावटा तुम्ही मृगात टोका, नाहीतर महिनाभर उशिरा. तो नुसता पानं काढत कुंपणभर पसरत राहतो. दिवस लहान आणि रात्र मोठी झाली, की मग फुलावर येतो. पावसाळा संपून थंडी लागेपर्यंत वेल वांझ आहे की काय, असं वाटतं आणि मग शेंगांचे घोस लटकतात. दिवसाच्या लांबीला दाद न देणारे सुधारित वाण आता निघाले आहेत, शेंग बारमाही मिळू शकते. चवीचं म्हणाल, तर आमचं मत कुंपणावरच्या वेलाला.

[दृश्य : काळ्या रानात हरभरा. सकाळचं दव.]

आणि हा हरभरा. या भाजीतला खरा घरचा माणूस. दिवाळीच्या आगेमागे पेरतात, आणि पाणी नसेल तिथे तो काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर निभावून नेतो. महिन्याचा झाला की शेंडे खुडायचे. शेंडा गेला की झाडाला फांद्या फुटतात, फांद्या वाढल्या की घाटे वाढतात. खुडलेल्या शेंड्यांची भाजी होते, म्हणजे शेतीचं काम उरकता उरकता संध्याकाळचं कोरड्यास, म्हणजे भाकरीबरोबरचं तोंडीलावणं, निघतं. पानांवर आंब असते, बोटांना चिकटते, आंबट लागते. ती जाऊ नये म्हणून कितीतरी घरांत ही भाजी धूत नाहीत. जुन्या काळी रात्री पिकावर धोतर पसरायचे आणि सकाळी दवासकट पिळून आंब काढून ठेवायचे, पोटदुखीवर औषध म्हणून.

घाटे भरले की झाडं उपटून विकायला येतात. तेच डहाळे. जाळावर भाजले की कुठे हावळा, कुठे हुळा. चटके बसतात, तोंड काळं होतं, आणि कुणी थांबत नाही.

[दृश्य : लातूर जिल्हा. रस्त्यावरून डोक्यावर पाट्या घेऊन निघालेली माणसं.]

पुण्यात भाजी ट्रकनं शहराकडे येते. लातूर-धाराशिवकडे वर्षातला एक दिवस शहरच भाजीकडे जातं. मार्गशीर्ष अमावस्या, म्हणजे येळवस. लातूरच्या बाजारपेठेत त्या दिवशी शुकशुकाट असतो. जिल्हा प्रशासन स्थानिक सुट्टी देतं. ज्याला शेत नाही, तो दुसऱ्याच्या शेतात जातो; बोलावणं येतंच.

रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी राहते, आत पांडव म्हणून दगड मांडून पूजा होते. आणि मग भज्जी. ओली तूर, हरभरा, वाल, वाटाणा, पातीचा कांदा, चिंचेचा कोळ, आणि सगळ्याला धरून ठेवायला बेसन. बाजरीचे उंडे, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे. ज्वारीचं पीठ आणि ताकाची आंबील, मातीच्या भांड्यातली. भोगीच्या कढईतले कितीतरी दाणे इथेही आहेत. फक्त ते ज्या रानात पिकले, त्याच्या बांधावर खाल्ले जातात.

[दृश्य : पुन्हा पुणे, भाजी मंडई. सोललेल्या दाण्यांची पाकिटं.]

मंडईत हल्ली भोगीच्या भाजीचं तयार पाकीट मिळतं. सगळं सोललेलं, चिरलेलं. नोकरी करून स्वयंपाक करणाऱ्यांनी ते घेतलं, तर नाक मुरडण्याचं कारण नाही. फक्त हरभऱ्याचे दाणे तेवढे वेगळे, घाट्यांसकट घ्या आणि घरी सोला. सोलाणा, म्हणजे सोललेला ओला दाणा, लवकर सुकतो. आणि जानेवारीतच घ्या. फेब्रुवारीत ऊन तापलं की घाटे रानातच वाळू लागतात, आणि मग त्याच झाडाची काढणी होते ती डाळीसाठी.