तांब्याचा मणी

परुळे, सिंधुदुर्ग. पडवीत सुपावर कोकमं सुकतायत. शेजारी वर्तमानपत्रावर जळक्या वायरींचे तुकडे. नोकरीभर नौदलाच्या विमानांचं वायरिंग सांभाळलेले काका त्यातला एक उचलतात.

 

आता भिंगाखाली पाहा. वायरच्या टोकाला मोहरीएवढा मणी.

"ह्यो बघ. हयसर ठिणगी उडाली."

हा तुकडा आग लागलेल्या एका ट्रॉलरमधला. खलाशी वाचले. खाऱ्या हवेनं तांबं हिरवं पडतं, इंजिनाच्या थरथरीनं वायरचं आवरण घासतं. तांबं वितळतं १,०८५ अंशांना. आगीत सापडलेली वायर लांबवर ओघळते. ठिणगीनं मात्र तेवढंच टोक वितळतं; बोटभर पलीकडची तार जशीच्या तशी.

म्हणजे आग इथूनच लागली? काका मान हलवतात. मणी एवढंच सांगतो, की त्या क्षणी तारेत वीज होती. आगीनं आवरण जळून तार नंतरही उघडी पडली असेल. कुठली तार आधी, कुठली मागाहून, हे एकेक लावत बसायचं.

असं लावत बसणं कॅनडात चार वर्षांहून अधिक चाललं. २ सप्टेंबर १९९८, विमान स्विसएअर १११, न्यूयॉर्कहून जिनिव्हाला. कॉकपिटमध्ये वास आला, आणि एकविसाव्या मिनिटाला विमान कॅनडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात. २२९ माणसं गेली.

वजनानं ९८ टक्के विमान तळातून वर काढलं. पुढचा भाग सांगाड्यावर पुन्हा जोडला. ब्लॅक बॉक्स शेवटची साडेपाच मिनिटं मुका. तेव्हा तारांनाच बोलतं केलं. कॉकपिटच्या छतामागच्या पोकळीत, प्रवाशांच्या करमणुकीच्या पडद्यांना वीज देणाऱ्या केबलवर ठिणगीची खूण सापडली. पहिली ठिणगी तीच, असं मात्र चौकशी अहवालानं छातीठोकपणे म्हटलं नाही. काकांना अहवालातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते. ठिणगी क्षणात येते-जाते, त्या काळचा, वीज तोडणारा ब्रेकर तिला ओळखतच नसे. तिथल्या, उष्णता नि आवाज अडवणाऱ्या धातूच्या मुलाम्याच्या अस्तरानं पेट घेतला. तेव्हाच्या ज्वलन-चाचणीत ते पास होतं!

काका तुकड्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधतात. होडी, तारीख, उजवी बाजू. काडेपेटीत ठेवतात.

आतून हाक येते. पाऊस भरून आलाय, कोकमं आत घ्यायचीत.