जीभ जळते, पाठ खरवडतात

(दृश्य: ग्वांगझोऊ. कमानींखालची जुनी बाजारगल्ली. भोपळ्याच्या आकाराचा पितळी कुंभ, तोटीतून काळा काढा पेल्यात पडतोय.)

याला म्हणतात ल्यांगछा, म्हणजे थंड चहा. यात चहाची पत्ती नसते आणि पेला बऱ्याचदा हाताला गरमच लागतो. थंडपणा आहे तो गुणात. दक्षिण चीनच्या ग्वांगतोंग प्रांतात हा कडूजहर काढा पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावर विकला जातो. २००६ मध्ये चीनने तो राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घातला. काउंटरशी उभं राहून एका दमात पेला रिकामा करणाऱ्यांची नेहमीची एक तक्रार असते, तोंड आलंय. त्यावरचा दुसरा उपाय आज पाहायचा आहे, ग्वा शा: गोल काठाच्या पट्टीने पाठ आणि हात खरवडणं.

इथल्या कँटोनीज बोलीत त्याचं कारण एका शब्दात सांगतात: यीत-हेइ, गरम वाफ. बाकी चीनमध्ये शांग-हुओ, आग वर चढली. आपल्याकडे ‘उष्णता झाली’ म्हणतात ते हेच. लिचीबद्दल इथली म्हण आहे, ‘एक घास लिचीचा, तीन जाळ आगीचे’. हापूसच्या दिवसांत आपल्या घरांतही अशीच ताकीद मिळते, फक्त फळ बदलतं.

(दृश्य: दवाखाना. खालचा ओठ उलटून धरलेला. अगदी जवळून.)

मध्ये पिवळट पांढरा खळगा, भोवती लालभडक कडा. आकार मुगाच्या दाण्याएवढा. चिनी वैद्यकात याला खोउ-छ्वांग म्हणतात, म्हणजे तोंडाचा व्रण. एक सेंटिमीटरहून लहान असलेला असा व्रण काहीही न करता सात ते चौदा दिवसांत भरतो. पुढचं सगळं पाहताना हा आकडा विसरू नका, कारण दहाव्या दिवशी पट्टी फिरवून बाराव्या दिवशी श्रेय घेणारे वैद्य सगळीकडे असतात.

(दृश्य: जीभ बाहेर. वैद्यबाई खिडकीच्या उजेडात पाहतायत.)

आधी जीभ बघायची. शेंडा लाल आणि व्रणही तिथेच असेल तर बोट हृदयाकडे, कारण या शास्त्रात हृदयाचं दार जिभेत उघडतं. ओठ आणि हिरडीवर व्रण, तोंडाला वास, पोट साफ नाही, तर जठराची आग. व्रण फिकट, महिन्या-दोन महिन्यांनी परत येणारे, रात्री घसा कोरडा पडतो, झोप पुरी होत नाही, तर ती आग खरी नव्हे. पाणी आटलं म्हणून भांडं तापलं, असं त्याचं निदान. या तिसऱ्या प्रकारात जोरात खरवडणं ही नवशिक्याची पहिली चूक. तिथे हात हलका, जागा थोड्या आणि अंगावर लाली आली नाही तरी चालते.

(दृश्य: टेबलावर ओळीने पट्ट्या. शिंग, जेड, पोलाद, चिनी मातीचा सूपचा चमचा.)

ग्वा म्हणजे खरवडणं. शा म्हणजे खरवडल्यावर कातडीवर उठणारे तांबडे ठिपके. ज्या दुखण्यातून ते वर येतात असं मानतात, त्यालाही शाच म्हणतात. इन्स्टाग्रामवर गालावरून गुलाबी दगड फिरवतात तो याचा सौम्य, शहरी भाचा. त्यात ठिपके उठवायचे नसतात.

घरोघरी वापरतात तो चमचाच, जाड, गोल काठाचा. म्हशीच्या शिंगाची पट्टी हाताला छान बसते, पण उकळत्या पाण्यात घातली की वाकते, तडकते. जेड पडला की काठाचा टवका उडतो आणि तो टवका कातडी कापतो. स्वस्त प्लास्टिकच्या पट्टीच्या काठावर साच्याची बारीक रेघ राहिलेली असते. ती डोळ्याला दिसत नाही. वैद्यबाई काय करतायत पाहा: जुना नायलॉनचा मोजा काठावरून ओढतायत. धागा अडकला की पट्टी बाद.

(दृश्य: पाठीवर तेलाचे थेंब.)

तेल तिळाचं, शेंगदाण्याचं किंवा इथलं कॅमेलियाच्या बियांचं. एका बाजूच्या पाठीला अर्धा चमचा पुरतो. नुसतं पाणी लावून करू नये, ते दोन मिनिटांत सुकतं आणि पट्टी घसरायची थांबते. मेंथॉल आणि कापराचे बाम पाठीवर ठीक, पण तेच बोट ओठाजवळ गेलं तर व्रण असलेला माणूस खुर्चीतून उठेल.

आता मुख्य गोष्ट. पट्टी तोंडात जात नाही. व्रणावर नाही, हिरडीवर नाही, जिभेवर तर नाहीच. ओल्या पातळ त्वचेवर खरवडलं की जखम मोठी होते आणि जंतूंना वाट मिळते. व्रण तोंडात आहे, काम पाठीवर आणि हातावर.

(दृश्य: मान खाली घातलेली. वैद्यबाईंचं बोट मणक्यावर.)

मान पुढे वाकवली की तळाशी सगळ्यात वर आलेलं हाड लागतं, मानेचा सातवा मणका. त्याच्या खालच्या खाचेत दा-च्वी हा बिंदू, म्हणजे चिनी वैद्यकाने उपचारासाठी नेमलेली जागा. आग उतरवायची सुरुवात इथून. हाडावर पट्टी दाबायची नाही, बाजूने वरून खाली आखूड हात फिरवायचे.

दुसरा पट्टा मणक्याच्या दोन्ही बाजूंना, मधल्या रेषेपासून दोन बोटं बाहेर. बोटं रुग्णाची, वैद्याची नव्हेत. या रेषेवर पाठीच्या (मानेच्या नव्हे) पाचव्या मणक्याच्या पातळीला हृदयाचा बिंदू आहे, शिन-शू. तो शोधायची सोपी खूण अशी: खांद्याच्या फऱ्याचं खालचं टोक साधारण सातव्या मणक्यासमोर येतं, तिथून दोन मणके वर मोजा. त्याच रेषेवर खाली अकराव्या आणि बाराव्या मणक्यासमोर प्लीहा आणि जठर. शेवटच्या बरगडीखालच्या मऊ भागावर मात्र दाब द्यायचा नाही, आत मूत्रपिंडं आहेत.

(दृश्य: पट्टी आणि कातडी यांमधला कोन. संथ गतीत.)

पट्टी ज्या दिशेला चालली आहे तिकडे झुकलेली, कातडीशी साधारण ४५ अंश. उभी धरली की काठ चावतो, फार आडवी केली की नुसतं तेल पसरतं. एका दिशेनेच ओढायची, पुढेमागे घासायची नाही. एक हात, म्हणजे पट्टीची एक ओढ, दहा ते पंधरा सेंटिमीटरची. एका पट्ट्यावर वीस ते तीस हात, सारख्या दाबाने. दाब मनगटातून येत नाही, पाहा, कोपर आणि खांदा हलतोय. मनगटाने ओढणाऱ्याचा हात दहाव्या फेरीला दमतो आणि दाब वरखाली होतो.

(दृश्य: ठिपके उठतायत. आवाज नाही, फक्त पट्टीची खरखर.)

(दृश्य: दोन बोटं दाबून सोडलेली.)

नुसती लाली असेल तर दाबल्यावर पांढरी पडते. शा पांढरा पडत नाही, कारण ते रक्त केशवाहिन्यांतून बाहेर आलेलं असतं. नवे ठिपके उठायचे थांबले की हात थांबला पाहिजे. ठिपके आलेच नाहीत तरी तिसाव्या हाताला थांबायचं. ‘अजून विष बाहेर आलं नाही’ म्हणून रेटत राहणारे लोक कातडी सोलून ठेवतात. ठिपका म्हणजे विष नाही आणि तो जितका काळा तितका गुण जास्त, असंही नाही.

या ठिपक्यांचं पुढे काय होतं यावर प्रयोग झालेले आहेत. २००७ मध्ये ११ निरोगी माणसांवर लेझरने मोजलं, तेव्हा खरवडलेल्या जागी पहिली साडेसात मिनिटं कातडीतला रक्तप्रवाह सुमारे चौपट होता आणि २५ मिनिटांपर्यंत तो वाढलेलाच राहिला. बाहेर आलेलं रक्त शरीर मोडून काढतं, त्या कामातला हीम ऑक्सिजनेज-१ हा घटक ग्वा शानंतर वाढल्याचं उंदरांमध्ये दिसलं. मुक्या मारासारखा हा डाग हिरवट-पिवळा होत जातो तो याच मोडतोडीमुळे. २०११ च्या एका जर्मन चाचणीत मान दुखणाऱ्या ४८ जणांपैकी ग्वा शा घेतलेल्यांना आठवड्याने जास्त आराम होता. यातल्या एकाही ठिकाणी तोंडातला व्रण मोजला नव्हता. मान सैल होते, झोप बरी लागते, ताण उतरतो, आणि ताणाने व्रण उठतात हे दंतवैद्यही मानतात. दावा एवढाच धरावा.

(दृश्य: हात उताणा. चमच्याचा काठ तळव्यावर.)

हातावरचं काम घरीही करता येतं. मूठ वळा. मधल्या बोटाचं टोक तळव्यात टेकतं तिथे लाओ-गोंग हा बिंदू. चमच्याच्या गोल काठाने हलकं, वीसेक वेळा, दुखेपर्यंत नाही. मग कोपराच्या घडीच्या बाहेरच्या टोकापासून मनगटाकडे एक पट्टा. अंगठा आणि तर्जनीमधल्या ह-गू या बिंदूवर गरोदर बाईला हात लावत नाहीत. गरोदरपणात पोट आणि कंबरही वर्ज्य.

सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं. उपाशीपोटी नको, भरल्या पोटीही नको. मध्येच चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, मळमळलं, तर पट्टी खाली ठेवायची, आडवं करून पाय उंच करायचे, सावध असेल तर कोमट साखरपाणी द्यायचं. बहुतेक वेळा तो माणूस न जेवता आलेला असतो. नंतर कोमट पाणी प्यायचं, पाठ झाकायची, काही तास गार पाण्याची अंघोळ नाही.

पुढची खेप ठिपके पूर्ण गेल्यावरच, साधारण तीन ते सात दिवसांनी.

(दृश्य: भिंतीवरचा तक्ता. त्यावर लाल फुल्या.)

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, प्लेटलेट कमी असतील, रक्त लवकर थांबत नसेल, पायात गुठळी असेल, ताप असेल, तर पट्टी नको. तीळ, पुरळ, उन्हाने भाजलेली कातडी टाळून जायचं. गळ्याच्या पुढच्या बाजूला मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या आहेत, तिथे कधीच नाही. व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, कडा कडक लागली, पांढरा चट्टा दिसला, तोंड पुरतं उघडेना किंवा मानेत गाठ आली, तर सरळ दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ. तंबाखू, मावा, गुटखा, मिश्री असेल तर तीन आठवडेही थांबू नका. वारंवार तोंड येणाऱ्याने हिमोग्लोबिन, बी-१२ आणि फॉलिक ॲसिड तपासून घ्यावं, शाकाहारी असाल तर आधी बी-१२. फेसाळ टूथपेस्ट बदलून पाहावी आणि गालाला लागणारा दात घासून घ्यावा.

(दृश्य: सिंक. चमचा, ब्रश, साबणाचं पाणी.)

कातडीतून रक्त वर आलेलं असतं, डोळ्याला दिसत नसलं तरी काठावर असू शकतं आणि हेपटायटिस बी तेवढ्यावरही पसरतो. म्हणून आधी साबणाने तेल घासून काढायचं, तेलावर जंतुनाशक चालत नाही. मग चमचा आणि पोलाद ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, १२१ अंशांना. शिंगाला ही उष्णता सोसत नाही, तेव्हा ते दोघांत वापरायचं नाही.

(दृश्य: भिंतीवर खिळ्यांना टांगलेली कागदी पाकिटं, प्रत्येकावर पेन्सिलने नाव. वैद्यबाई मघाची शिंगाची पट्टी पुसून एका पाकिटात सरकवतात, पाकीट परत खिळ्याला.)